घोट्याचा अस्थिभंग : प्रकार आणि कारणे

पाय मुरगळला तर लेप लावावा, चोळावे, चार दिवसांत बरे वाटेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. पुष्कळदा ती खरीही ठरते. परंतु हाड मोडले असतानाही सूज आणि ठणका तसाच असतो. त्यामुळे रुग्ण रुग्णालयात उशिरा पोहोचतो.

नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड यांची खालची टोके म्हणजे आतला व बाहेरचा घोटा. या दोहोंच्या चिमट्यात पावलाचे वरचे हाड बसलेले असते. पाऊल आत वळून जमिनीवर अडकते आणि शरीर वरून फिरते, तेव्हा पीळ बसून बाहेरचा घोटा मोडतो. हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. जोर अधिक असल्यास आतला घोटाही मोडतो व सांधा निखळतो. पाऊल कोणत्या दिशेने वळले यावरून मोडीचे स्वरूप ठरते, हे डेन्मार्कच्या लाउगे-हान्सेन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले.

कारणे वयानुसार बदलतात. तरुण पुरुषांत वाहनांचे अपघात, खेळ आणि उंचावरून पडणे ही प्रमुख होत. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत मात्र ओली फरशी, शेवाळलेली पायरी किंवा शेताचा निसरडा बांध एवढे निमित्तही पुरते. कारण ऋतुनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात. स्थूलपणामुळे धोका आणखी वाढतो.

हाड किंचित सरकले तर काय बिघडते, असे कोणी विचारील. रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी १९७६ साली केलेल्या प्रयोगांत, सांध्यातील हाड केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकताच सांध्याचा परस्परस्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मग सारा भार थोड्या जागेवर पडून सांधा अकाली झिजतो.

घोट्याच्या हाडावर दाबताच वेदना होत असतील किंवा दुखावलेल्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी अवश्य करावी. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेल्या नियमांचा हाच गाभा आहे. तोवर पाय चोळू नये, ओढू नये. कामट्यांचा आधार देऊन उंच ठेवावा. वेळीच बसविलेले हाड बहुधा सहा आठवड्यांत सांधू लागते. दुर्लक्षित घोटा मात्र जन्मभराचे लंगडेपण देऊ शकतो.