डॅक घेण्याआधी

घरी चांगला अँप्लिफायर आहे, स्पीकर आहेत, आणि गाणी आता लॅपटॉपवरून वाजतात. मग कुणीतरी सुचवतं, "एक डॅक घ्या." आकड्यांत साठवलेला आवाज पुन्हा विजेच्या लहरींत आणणारं यंत्र म्हणजे डॅक. ते तुमच्या लॅपटॉपमध्ये, टीव्हीत, सीडी प्लेयरमध्ये असतंच. प्रश्न आहे तो वेगळा डॅक घेण्याचा.

खोक्यावर ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असे आकडे दिसतील. त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका, हे मी आग्रहाने सांगतो. १९८२ साली सीडी बाजारात आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ घेऊन. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर. आपण जिवापाड जपलेल्या जुन्या मैफलींच्या टेपची खरखर त्या सर्वांत बारीक आवाजाच्या कितीतरी वर असते. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेयरमधला डॅक तर १४ बिटांचाच होता! नमुन्यांचा वेग, म्हणजे तो किलोहर्ट्झचा आकडा, चौपट करून त्या इंजिनिअरांनी त्यातून १६ बिटांचा दर्जा काढला. मला त्या कामाचं आजही फार कौतुक वाटतं.

खरा त्रास होतो तो गोंगाटाचा. लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूं ऐकू येते, कारण दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वीज फिरते. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, वीज नाही. घरघर त्या वाटेने येत असेल तर ती तिथेच थांबते. म्हणून ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक बघा, आणि तुमच्या लॅपटॉपला किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आहे का, तेही आधी पाहा.

दुकानात दोन डॅक ऐकताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. समजा, एक डॅक दोन व्होल्ट देतो, दुसरा अडीच. एवढ्याने दुसरा जवळजवळ दोन डेसिबल मोठा वाजतो, आणि मोठं वाजणारं कानाला बहुधा सरस वाटतं. पातळी जुळली की तुमच्या ओळखीचं गाणं लावा. तानपुऱ्याची जवारी ऐका, तबल्याच्या डग्ग्याची घुमक ऐका. कुठला डॅक वाजतोय हे न पाहता ओळखता आलं नाही, तर स्वस्तातला घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरसाठी ठेवा. तिथे फरक पहिल्याच आलापात कळेल.