ज्वालामुखी आणि पृथ्वीचे तापमान



वर्सोव्यापासून जवळच, अंधेरीत, गिल्बर्ट हिलचे काळे पाषाणस्तंभ उभे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे ते थिजलेले रूप होय. लाव्हारस जवळपासचा प्रदेश जाळतो. साऱ्या पृथ्वीचे तापमान मात्र उतरविते ते त्यासोबत उसळणाऱ्या गंधकयुक्त वायूमुळे.

१९९१ साली फिलिपीन्समधील पिनाटुबोने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात उंचावर फेकला. त्यापासून बनलेल्या सूक्ष्म आम्लकणांनी सूर्यप्रकाश परतविला आणि १९९२ मध्ये जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने घटले. दोन-तीन वर्षांत कण खाली बसले व तो गारवा सरला. याउलट, इंधनाच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके टिकतो.

ही टेकडी दाखविताना हा भेद विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. ज्वालामुखीच्या क्षणिक गारव्यावर विसंबून आपली जबाबदारी टळत नाही.