होमिओपॅथीचे पशुवैद्य आणि आपला गोठा

(भिवंडी तालुक्यातील पशुपालकांच्या मेळाव्यात एका पशुवैद्यकाने केलेले भाषण)



भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात. पण पडघा, अनगाव, अंबाडीकडे पहाटे उठून धारा काढणारी मंडळीही याच तालुक्यातली. तुमच्यापैकी बरेच जण मला विचारतात, "डॉक्टर, इंजेक्शनऐवजी होमिओपॅथीच्या गोळ्या चालतील का?" आज त्यावरच बोलतो.

जनावरांची होमिओपॅथी नवी नाही. जर्मनीतील लाइपझिगचे पशुवैद्य विल्हेल्म लुक्स यांनी १८३३ साली या विषयावर पुस्तक लिहिले. पुढे युरोपात अशा पशुवैद्यांच्या संघटना झाल्या, आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय संघही आहे. हे लोक भोंदू नव्हेत. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मग या शास्त्राकडे वळलेले आहेत. युरोपात सेंद्रिय दुधाच्या नियमांतच असे म्हटले आहे की, गुण येत असेल तर प्रतिजैविकांऐवजी आधी वनौषधी किंवा होमिओपॅथी वापरावी. साहजिकच तेथील गोठ्यांत तिचा वापर टिकून आहे.

आपल्याला तिची ओढ का वाटते, हेही उघड आहे. औषध स्वस्त, भाकरीच्या तुकड्यावर थेंब टाकले की काम झाले. मुख्य म्हणजे दूध फेकावे लागत नाही. सडात प्रतिजैविकाची नळी सोडली, तर वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध विकता येत नाही. दहा लिटरच्या म्हशीचे तीन-चार दिवसांचे दूध गेले, तर महिन्याचा हिशेब बिघडतो. म्हणून काही जण मुदत न पाळता दूध घालतात. ते दूध कुणाचे तरी लेकरू पिते, हे विसरू नका.

आता औषधाकडे वळू. '३०' क्रमांकाचे औषध म्हणजे मूळ अर्काचा एक भाग नव्व्याण्णव भाग द्रावकात, त्यातला पुन्हा एक भाग नव्व्याण्णव भागांत, असे तीस वेळा. बाराव्या वेळेनंतरच मूळ पदार्थाचा कण उरण्याची शक्यता फार थोडी असते. मग गुण येतो तो कशाने? नॉर्वेत कासदाह, म्हणजे आपली दगडी, झालेल्या गायींवर प्रयोग झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. काही गायींना होमिओपॅथी दिली, काहींना औषध नसलेले नुसते दिखाऊ द्रव्य. दोन्हींत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. दिखाऊ द्रव्यावरच्या गायीही काही सुधारल्याच. सौम्य दगडी पुष्कळदा आपोआप उतरते, आणि श्रेय शेवटी दिलेल्या औषधाला मिळते. इंग्लंडच्या पशुवैद्यक संस्थेने २०१७ साली स्पष्ट सांगितले की, होमिओपॅथी ही शास्त्रशुद्ध उपचारांच्या जोडीला असावी, त्यांच्या जागी नव्हे. माझेही मत तेच आहे.

ते मत मला फुकट मिळालेले नाही. नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या वेताची एक म्हैस पाहिली. एका सडात दुधाच्या गुठळ्या, कास जरा गरम. मालक म्हणाला, गोळ्या चालू आहेत. मीही म्हणालो, "बरं, दोन दिवस बघू." तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी, म्हशीला ताप, चारा बंद. म्हैस वाचली, पण तो सड कायमचा गेला. बाजारात तीन सडांच्या म्हशीला काय भाव मिळतो, ते तुम्हाला माहीत आहे. चूक गोळ्यांची कमी, माझ्या त्या दोन दिवसांची जास्त.

म्हणून दुधात गुठळ्या, रक्त किंवा पाणी दिसले, की त्याच दिवशी नोंदणीकृत पशुवैद्यकाला बोलवा. तो येईपर्यंत त्या सडाचे दूध दर दोन-तीन तासांनी पूर्ण काढून टाका, पण गोठ्यात सांडू नका. रोगी म्हशीची धार शेवटी काढा. अंगठा मुडपून धार काढायची सवय सोडा, पूर्ण मुठीने काढा. धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि जनावरासमोर वैरण टाका, म्हणजे ते अर्धा तास उभे राहील. तोवर सडाची छिद्रे मिटतात. आपल्याकडे पावसाळाभर गोठ्याची जमीन ओली असते, तेव्हा हे जास्तच सांभाळा. एवढे केले तर दगडी कमी होते, आणि प्रतिजैविकांचा खर्चही.

घटसर्प आणि लाळ्या-खुरकूत यांवर गोळ्यांचा भरवसा मुळीच धरू नका. घटसर्पाची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. हा रोग उपचाराला सवडच देत नाही.

कायद्याचेही एक सांगतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. माणसांच्या होमिओपॅथी डॉक्टरचा परवाना गोठ्यात चालत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. पशुवैद्यकाने स्वतः तपासून, मुख्य उपचाराच्या जोडीला थेंब दिले, तर मी हरकत घेणार नाही. मात्र त्याला विचारा, "किती तासांत फरक दिसला नाही, तर पुढे काय?" उत्तर मिळाले नाही, तर दुसरा डॉक्टर बघा.

संध्याकाळच्या धारेची वेळ होत आली आहे. ज्यांच्या म्हशीची दगडी पुन्हा पुन्हा उलटते, त्यांनी जाताना मला भेटावे. प्रत्येक सडाचे दूध तपासायची पद्धत येथेच दाखवतो.