दोन वर्षांची खुर्ची



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यासक नाही. पण गाझाचा विषय निघाला की आपल्याच बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘सुरक्षा परिषद पाच बड्यांची, बाकीचे नुसते बसायला.’ हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला बोलायचंय.

परिषदेत १५ देश असतात. पाच कायमचे, त्यांना नकाराधिकार. उरलेले दहा संयुक्त राष्ट्रांची आमसभा निवडते. दरवर्षी पाच, दोन वर्षांसाठी. मुदत संपली की लगेच पुन्हा उभं राहता येत नाही. पूर्वी या जागा सहाच होत्या. आशिया-आफ्रिकेतले देश स्वतंत्र झाले, त्यांनी रेटा लावला, तेव्हा १९६५ मध्ये त्या दहा झाल्या. मतदान गुप्त, चिठ्ठीवर देशाचं नाव लिहून. जिंकायला दोन-तृतीयांश मतं लागतात, उमेदवार एकटाच असला तरी. आपल्या ग्रामपंचायतीतलं ‘बिनविरोध’ तिथे चालत नाही.

आमच्या धंद्यात लूपमधून बाहेर पडायची अट पुरीच होत नसेल, तर प्रोग्राम अडकतो. १९७९ मध्ये आमसभेचं तसंच झालं. क्युबा आणि कोलंबिया एका जागेसाठी भिडले, दोन-तृतीयांश कुणालाच मिळेना. ऑक्टोबरपासून १५४ फेऱ्या झाल्या! अखेर दोघांनी माघार घेतली आणि जानेवारी १९८० मध्ये १५५व्या फेरीत मेक्सिको निवडून आला. नुसत्या बसायच्या खुर्चीसाठी कुणी इतकं झगडत नाही.

आता गाझा. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने युद्धबंदीचा ठराव आणला. १३ मतं बाजूने, अमेरिकेचा नकाराधिकार. फेब्रुवारीत अल्जीरियाने आणला. पुन्हा १३, पुन्हा नकाराधिकार. मग दहाही निवडून आलेले देश एकत्र आले. माल्टा, गयाना, मोझांबिक, स्लोव्हेनिया... यातले काही नकाशावर मलाही शोधावे लागले. २५ मार्च २०२४ रोजी त्यांचा ठराव १४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, अमेरिका तटस्थ राहिली. रमजानपुरती तातडीची युद्धबंदी आणि सर्व ओलिसांची बिनशर्त सुटका, अशी मागणी होती. तोवर रमजानचे दोन आठवडे उलटले होते.

युद्ध थांबलं का? नाही. ठराव बंधनकारक नाही, असं अमेरिका म्हणाली. इतरांना ते मान्य नव्हतं. माणसं मरत राहिली, हे मी झाकणार नाही. पण एकेकटे गेले तेव्हा जे अडवलं गेलं, ते दहा जण मिळून गेले तेव्हा अडवणं अमेरिकेलाही जड गेलं. एवढी ताकद त्या खुर्चीत आहे.

मग तिच्यावर बसून आपला देश काय करतो, हे आपण कधी विचारलं? २०२० मध्ये भारत १९२ पैकी १८४ मतांनी निवडून आला. आशिया-पॅसिफिकच्या त्या जागेला दुसरा उमेदवारच नव्हता. पेपरात अभिनंदन छापून आलं, आपणही खूश झालो, विषय संपला. पुढची दोन वर्षं भारताने कुठे हात वर केला, कुठे तटस्थ राहिला, यावर आपल्याकडे एकही बैठक झाल्याचं मला आठवत नाही.

भारताने २०२८-२९ साठी पुन्हा उमेदवारी जाहीर केली आहे. निवडून आल्यास युद्धबंदीच्या ठरावांवर आपली भूमिका काय असेल, एवढा एकच प्रश्न खासदारांना विचारणारं पत्र मी लिहून आणलंय. एक पानी आहे. चहाच्या आधी वाचा, दुरुस्त्या सांगा. मराठी कच्चं असेल तर तेही सांगा.