पाण्याच्या पायऱ्या



कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ऊस येतो. पाणी शेताकडे वाहिले पाहिजे, म्हणून आपला कालवा उताराचा. इंग्लंडात अठराव्या शतकापासून जे कालवे खणले गेले, त्यांचे काम निराळे. कोळशाने भरलेली नाव घोड्याने ओढीत न्यावयाची, तीही दोन्ही दिशांना. तेव्हा पाणी संथ हवे. मग टेकडी आडवी आली तर? तेथे त्यांनी पाण्याला पायऱ्या बांधल्या. या पायरीला लॉक म्हणतात.

वूस्टरहून बर्मिंगहॅमला जाणारा कालवा १८१५ साली पुरा झाला. त्यावर टार्डबिग येथे सव्वादोन मैलांत ३० लॉक आहेत. चढ २२० फुटांचा. मालाच्या नावा गेल्या. आता सुटीवर निघालेली कुटुंबे भाड्याची नाव घेऊन येतात. नाव सात फूट रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब, म्हणजे वाड्याच्या बोळातून शिडी नेण्याचाच प्रकार! वेग माणसाच्या चालीचा.

नाव लॉकच्या कोठीत शिरली की मागचे दार लावावयाचे. एकाने काठावर उतरून वाकड्या लोखंडी किल्लीने वरच्या अंगाच्या झडपा उचलावयाच्या. वरचे पाणी कोठीत येते आणि कित्येक टनांची नाव हळूहळू वर येते. उचलणारे यंत्र नाही, पाणीच उचलते. दोन्हीकडची पातळी एक होईपर्यंत पुढचे दार दहा जणांना हलणार नाही. ती एक झाली की एखादी बाई दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून ते सहज उघडते.

उतरताना मात्र जिवाशी खेळ असतो. वरच्या दाराखाली पक्का उंबरठा असतो. पाणी उतरू लागले आणि नावेचा मागचा भाग त्यावर टेकला, तर पुढचा भाग खाली खाली जातो आणि नाव बुडते. म्हणून झडपेशी उभ्या असलेल्याने गप्पा मारावयाच्या नाहीत, डोळा नावेवर ठेवावयाचा.

प्रत्येक खेपेला सुमारे एक लाख लिटर पाणी खालच्या पायरीवर जाते. ते वरून पुन्हा आणावे लागते, त्यासाठी टार्डबिगला तलाव बांधला आहे. यातूनच तेथला शिष्टाचार निघाला. तुम्ही चढत आहात, लॉक भरलेले आहे आणि वरून नाव येताना दिसते आहे, तर तुम्ही थांबावयाचे. ती उतरते, कोठी रिकामी होते, मग तुम्ही आत जाता. एका पाण्यात दोन नावा! मला तर हा हिशेब त्या सगळ्या बांधकामाहून मोठा वाटतो.

हे कालवे बुजण्याच्या वाटेवर होते. एल. टी. सी. रोल्ट हे लेखक याच टार्डबिगला १९४१ ते १९४६ पर्यंत आपल्या नावेत राहत होते. त्यांचे पुस्तक वाचून रॉबर्ट एकमन १९४५ साली त्यांना भेटावयास आले, आणि पुढल्या वर्षी कालवे वाचविण्यासाठी संस्था निघाली. चिखलात उतरून दारे दुरुस्त करणारे स्वयंसेवक पुढे ठिकठिकाणी उभे राहिले.

दिवस कलता कलता शेवटचे, अकरा फुटांचे लॉक येते. हात भरून आलेले असतात. ते ओलांडले की बर्मिंगहॅमपर्यंत चौदा मैल एकही पायरी नाही.