निव्वळ शून्याचा आराखडा आणि एकवीस दिवस



कारखान्यांनी कर्बवायूचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर कसे आणावे, हा विषय एखाद्या शास्त्रज्ञाने मांडावा. तो कामगार चळवळीतल्या माणसाकडे कसा, असे आपणांस वाटेल. पण ज्या भट्टीचा धूर मोजायचा, तिच्यासमोर आठ तास उभा राहतो तो आमचा माणूस.

निव्वळ शून्य म्हणजे उत्सर्जन होईल तितके कमी करावयाचे आणि उरेल तेवढा वायू हवेतून परत काढून घ्यावयाचा. भारताने त्यासाठी २०७० साल धरले आहे, मुंबई महापालिकेच्या २०२२ च्या आराखड्यात २०५० आहे. आपल्या शेजारी कांदिवलीत कारखाना असलेल्या महिंद्रा कंपनीने तर २०४० पर्यंत कर्बवायूची तोंडमिळवणी करण्याचे वचन २०१८ सालीच दिले. त्याआधी २०१६ साली तिने दर टनाला दहा डॉलर अशी किंमत स्वतःलाच लावून घेतली. नवे यंत्र घेताना त्याचा धूरही खर्चात धरावयाचा. मला हे शहाणपणाचे वाटते. फुकटच्या वस्तूची काटकसर कोणी करीत नाही.

हा हिशेब तीन खात्यांत मांडतात. पहिल्यात आपल्या भट्ट्या, बॉयलर, गाड्या. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात कच्च्या मालापासून विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंत बाकी सारे. ट्रॅक्टर घ्या. तो बनविताना जो धूर होतो, त्याहून कितीतरी अधिक तो शेतात वर्षानुवर्षे डिझेल जाळून करतो. शिवाय भट्टीचे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिले की पहिले खाते स्वच्छ दिसते. धूर मात्र तिसऱ्यात जाऊन बसतो, आणि कायम कामगाराची जागा कंत्राटी माणूस घेतो. तेव्हा मालकाने आराखडा दाखविला, की आधी तिसरे खाते उघडून पाहावे.

लहान कारखानदार म्हणतील, हे मोठ्यांचे खेळ. तसे राहिलेले नाही. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात जाणाऱ्या पोलादी मालामागच्या कर्बवायूची किंमत तिथल्या आयातदारावर पडू लागली आहे, आणि त्यात साधे नट-बोल्टही येतात. आयातदार तो हिशेब इथल्या शेडवाल्याकडेच मागणार.

सुरुवात कुठून करावी? सल्लागाराला बोलावण्याआधी पाळीवरच्या फिटरला विचारावे. सुट्टीच्या दिवशी यंत्रे बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालू करा. कुठल्या सांध्यातून हवा सुसकारते ते कानाने कळते. दुर्लक्षित कारखान्यात दाबलेल्या हवेचा पाव हिस्सादेखील अशा गळतीत जातो. ती सगळी विजेची नासाडी, म्हणजे दुसरे खाते.

पण फिटरने हे का सांगावे? उद्या डिझेल इंजिनाऐवजी विजेची मोटर आली, तर पिस्टन, रिंगा, सायलेन्सर बनविणाऱ्या शेडमधला माणूस कुठे जाणार? यंत्रपद्धतीतल्या सुधारणेने कामगार कमी होणार असतील, तर एकवीस दिवस आधी नोटीस देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. देशाला २०७०, कंपनीला २०४०, आणि कामगाराला एकवीस दिवस!

२०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आहे; पण प्रस्तावनेवर चूल पेटत नाही. ते वेतनकरारात लिहून घेतले पाहिजे: कोणते खाते कोणत्या वर्षी बदलणार, त्याच्या किती आधी कुणाला नवे काम शिकविणार, शिकण्याच्या काळात पगार चालू राहणार की नाही, आणि या यादीत कंत्राटी कामगाराचे नाव आहे की नाही.