पडद्यावरचे पाणी



काष्टी हे श्रीगोंदे तालुक्यातील गाव आपणांस ठाऊक आहे ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. तेथे एका रात्री आम्ही उघड्यावर, विनातिकीट चित्रपट दाखविला. दोन बांबूंना पांढरे कापड ताणले. सतरंज्या पुरल्या नाहीत, तेव्हा लोकांनी पोती अंथरली. वाऱ्याने पडदा फुगला की पडद्यावरचा डोंगरही हाले आणि पोरे हसत.

चित्रपट पाणलोटाच्या कामाचा होता. उतारावर समतल चर खणून पावसाचे पाणी जमिनीत कसे मुरवावे, हे त्यात दाखविले होते. अशा चित्रांचे सामर्थ्य मोठे. पाणी फाउंडेशनने २०१६ साली वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत श्रमदानाची स्पर्धा सुरू केली, तेव्हा गावकऱ्यांना शिकविण्यासाठी चित्रफितीही वापरल्या.

दिवे लागले. आम्ही टाळ्यांची वाट पाहत होतो. तोच मागून एक ऊसतोडणी करणारी बाई उठली. म्हणाली, "दादा, चर आम्ही खणू. पण मुरलेलं पाणी कुणाच्या हिरीत निघंल? मला तर बांधाएवढीबी जमीन न्हाई."

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते कामगारांच्या सभांत. हा प्रश्न आमच्या ओळखीचा होता. घाम एकाचा आणि फळ दुसऱ्याचे! तरी त्या रात्री आम्ही निरुत्तर झालो.

उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढारपणाखाली चर खणले, बंधारे बांधले. पण तेवढ्यावर गाव थांबले नाही. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे नियम केले. पावसाचा हिशेब मांडून, पिण्याचे पाणी आधी राखून, मग पिके ठरविली. तेथे पाणी अडविण्याइतकेच ते वाटण्यालाही महत्त्व दिले.

आमची अडचण आम्ही लपवीत नाही. उसावर आमच्या साखर कामगारांच्या चुली पेटतात. ऊस बंद करा, असे सांगायला आमची जीभ रेटत नाही. पण हिशेब मांडा, एवढे तरी आम्ही म्हटलेच पाहिजे. कारण विहिरी आटल्या की कारखान्याचे भोंगेही थांबतील.

म्हणून आपणांस विनंती एवढीच. आपण गावोगाव असे चित्रपट जरूर दाखवा. मात्र शेवटी दिवे लागल्यावर सामान आवरू नका. त्या बाईला पहिल्यांदा बोलू द्या. चित्रपट फुकट दाखविता येतो; तिचा घाम फुकट मागता येत नाही.